खालच्या थरातले ससे

"ससे तेवढे एका पानात बसव," खळदकर सर म्हणाले. "वरच्या थरात किती, खालच्या थरात किती. शेवटच्या रांगेतून दिसेल असा तक्ता कर. बाकी मी बोलतो."

ते माझ्या टेबलाशी उभे होते. सशाच्या टाचेचं हाड त्यांनी दोन बोटांत धरलं होतं आणि ते खिडकीकडे करून बघत होते. एखादी वस्तू हातात घेतली की ती उजेडाकडे धरल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

मी म्हणालो, "सर, खालच्या थरात उंदीर नाहीत."

"काय?"

"उंदीर. वरच्या थरात पुष्कळ आहेत. दात आहेत, जबडे आहेत. खालच्या थरात एकही नाही."

"उंदरांवरचं व्याख्यान ऐकायला कोण येणार आहे?" ते हसले. हाड ज्या खणातून उचललं होतं त्याच खणात त्यांनी नीट ठेवलं आणि निघाले. दारात थांबून म्हणाले, "होळीच्या आत पान दे. आणि पानावर तुझं नाव घालतोय हं मी. घाबरू नकोस."

मी घाबरणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्र्याहत्तर साल होतं ते. मी तिशीच्या आत होतो आणि चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडायची. एका कॉलेजात अध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो, तिथे स्वतःचं आडनाव सांगताना अडखळलो. खळदकर सर त्या समितीवर होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उपासनी, तुला जिवंत माणसांपुढे बोलता येत नाही ना? मग माझ्याकडे ये. माझ्याकडे सगळे मेलेले आहेत."

अशा रीतीने मी त्यांच्या उत्खनन करणाऱ्या संस्थेच्या हाडांच्या खोलीत आलो. आईला मी जुन्या वस्तू धुतो एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. मी दिवसभर तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची उष्टी हाडं निवडतो हे तिला कळलं असतं तर तिने मला मागच्या दारानेच आत घेतलं असतं.

सरांनीच मला हाडं शिकवली. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन कवट्या समोर ठेवल्या. हा घरात पाळतात तो विलायती ससा, हा आपला रानातला. विलायती बीळ खणतो आणि त्यात राहतो. आपला बीळ खणत नाही. गवतात नुसती अंगापुरती जागा करून बसतो, पिल्लंही उघड्यावरच घालतो. "हा फरक ज्याला कळत नाही," सर म्हणाले, "त्याने जमिनीत सापडलेल्या सशाबद्दल तोंड उघडू नये." मी तसाही तोंड उघडत नव्हतो. खोलीतले लोक मला ससोबा म्हणायचे. हाडांमुळे असेल, नाहीतर स्वभावामुळे.

आता धामणखेड्याबद्दल सांगायला हवं. नदीच्या काठी ते एक टेकाड होतं. जुनं गाव जिथे वसून मोडलं तिथली माती राखेने, शेणाने पांढरट होते. त्या जागेला आपल्याकडे पांढर म्हणतात. शेतकरी ती माती खत म्हणून गाड्या भरभरून रानात नेतात. ती सगळी जायच्या आत संस्थेने दोन हंगाम तिथे उत्खनन केलं होतं. उत्खनन वरून खाली जातं, म्हणजे काळाच्या उलट्या दिशेने. पहिल्या वर्षी वरचे थर निघाले, म्हणजे गावाचे शेवटचे दिवस. दुसऱ्या वर्षी खालचे थर, म्हणजे गाव नवं होतं तेव्हाचे.

खालच्या थरात मोठी चौकोनी घरं, धान्याच्या कणग्यांची चुन्याने लिंपलेली बुडं, गाईबैलांची भरपूर हाडं. ससा जवळजवळ नाहीच. वरच्या थरात लहान गोल झोपड्या, गुरांची हाडं थोडी, आणि ससेच ससे. सरांनी त्यातून जे वाचलं ते कुणालाही पटण्यासारखं होतं. दुष्काळ पडला, गुरं गेली, खाऊन-पिऊन सुखी असलेली माणसं सशांमागे धावायला लागली आणि शेवटी गाव सोडून गेली.

आणि बाहेर खरोखरच दुष्काळ होता. दुसरं वर्ष. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, शाळांत सुकडी वाटली जात होती. सरांची एक मुलाखत वर्तमानपत्रात आली, तिचा मथळा होता, 'सशांवर जगलेलं गाव'. लोकांनी ती कापून ठेवली. होळीनंतर सरांचं जाहीर व्याख्यान ठरलं. मुंबईहून अधिकारी येणार होते. संस्थेला नव्या खोल्या हव्या होत्या, सरांना धामणखेड्यावरचा ग्रंथ छापायचा होता, आणि मला, तात्पुरत्या जागेवरच्या माणसाला, कायम व्हायचं होतं. माझं कायम होणं सरांच्या एका शब्दावर होतं आणि तो शब्द ते देणार होते.

हे सगळं ठाऊक असूनही मी उंदरांशी अडलो.

धान्य साठवणारं गाव आणि उंदीर नाहीत, हे मला पटेना. मी खालच्या थराचे खण पुन्हा काढून बसलो. गाईचे सांधे, हरणाची शिंगं, डुकराचे जबडे. माशाचे मणके नाहीत. पाखरांची हाडं नाहीत. वरच्या थरात ज्वारीच्या दाण्याएवढे दगडी मणी निघाले होते, खाली तेही नाहीत. अंगठ्याच्या पेराहून लहान असं खालून काही आलेलंच नव्हतं. जे थोडे ससे होते त्यांचीही लांब हाडं तेवढी होती. पायाच्या पंजातली, बोटांची, टाचेची हाडं नव्हती.

शेजारच्या खोलीत कुंदाताई रेगे खापऱ्यांची चित्रं काढायच्या. माझ्याहून वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. दोन्ही हंगाम त्या धामणखेड्याला होत्या. दुसऱ्या हंगामात मी कावीळ होऊन घरी पडलो होतो. मी त्यांना जाऊन विचारलं की दुसऱ्या वर्षी माती चाळली होती का.

"पहिल्या वर्षी चाळली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सगळी. नाकातोंडात धूळ जाऊन मी महिनाभर खोकत होते. दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, चाळत बसलो तर तळ गाठायच्या आत पैसे संपतील. मग चाळण्या गुंडाळून ठेवल्या. हाताला लागेल ते उचललं."

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? सगळे तिथेच तर होतो." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.  "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ससे चाळणीत आले होते होय रे?"

एवढीच गोष्ट होती. वर चाळलं म्हणून वर ससे. खाली चाळलं नाही म्हणून खाली नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. हाडं माझ्याकडे पिशव्यांतून यायची, पिशव्यांवर थर लिहिलेला असायचा. ती हाडं मातीतून कशी निघाली हे पिशवीवर लिहायची आमची पद्धतच नव्हती.

मी सरांच्या खोलीत गेलो. दाराबाहेर तीन वेळा वाक्य जुळवलं आणि आत जाऊन चौथंच बोललो. सरांनी मध्ये न बोलता ऐकलं. ऐकण्यात ते फार सभ्य होते.

"ससा म्हणजे काही मुंगी नाही," ते म्हणाले. "असता तर हाताला लागला असता."

"टाचेचं हाड बोटाच्या पेराएवढं असतं, सर. मातीने माखलेलं. पंजातली त्याहून लहान."

"उपासनी, तू शंका घेतोस हे मला आवडतं. पण शंका हा तुझा स्वभाव आहे. तो पुरावा नव्हे."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन कुलूप ओढून बघतो. माझ्या कुठल्याही मताला मीच आधी पाडतो. तरी मी म्हणालो, "पुरावा तिथे आहे, सर. दोन खड्ड्यांमधली भिंत अजून उभी आहे."

उत्खननात दोन खड्ड्यांमध्ये मातीची एक भिंत न खणता राखून ठेवतात. वरपासून तळापर्यंतचे सगळे थर तिच्यात एकावर एक दिसतात. पुढे कुणाला शंका आली तर बघता यावं म्हणूनच ती राखायची असते.

"त्या भिंतीला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "धामणखेडं संपलं. पान दे."

पण भिंतीला हात लागणारच होता. दोन दिवसांनी कुंदाताईंनीच बातमी आणली. जागा तुळसाबाई गाडेकरांची होती. आमचा करार संपला होता आणि त्या आता उरलेली पांढर रानात न्यायला लागल्या होत्या. खड्ड्यांच्या कडा गेल्या होत्या, आता भिंतीची पाळी होती. पाडव्यापर्यंत तीही रानभर पसरली असती, आणि मग धामणखेड्याच्या खालच्या थरात ससे होते की नव्हते हे कुणालाच कधी सांगता आलं नसतं.

मी पुन्हा सरांकडे गेलो. या वेळी वाक्य जुळवलं नाही. सांगितलं, "सर, तुळसाबाई भिंत काढतायत. मी रविवारी जातोय. मी खणणार नाही. त्या खणतील, मी नुसतं चाळीन. तुम्हीही यावं असं मला वाटतं."

ते कागदावर काहीतरी लिहीत होते. लिहीतच राहिले.

संस्थेच्या चाळण्या कोठीत कुलपात होत्या आणि त्या मागायची सोय नव्हती. कुंदाताईंनी घरून आईची गव्हाची चाळण आणली. पत्र्याची, कडेला डाग दिलेली. एस.टी.त ती मांडीवर घेऊन मी बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, लग्नाचं साहित्य का? मी हो म्हणालो. कुंदाताई खिडकीबाहेर बघून हसत होत्या.

तुळसाबाई उंच, हाडापेराने मोठ्या बाई होत्या. डोक्यावर पदर, पदरावर टोपलं. त्यांचे दोन मुलगे कुदळी घेऊन भिंतीशी उभे होते. मी त्यांना विनंती केली की भिंत वरून सरळ काढत यावी, अर्ध्यावर, जिथे खालचे थर सुरू होतात तिथला पांढरा चुन्याचा पट्टा लागला की थांबावं, आणि त्याच्याखालची माती गाडीत टाकायच्या आधी मला चाळू द्यावी.

"आन् चाळून माती कमी व्हईल ती?"

"नाही, बाई. खडे तेवढे बाजूला निघतील."

"मंग चाळा की. मला आयतीच मऊ माती मिळंल." मग कुंदाताईंकडे वळून म्हणाल्या, "पुन्याची मान्सं आमच्या रानात माती चाळाया येत्यात. दुस्काळ म्हंत्यात तो ह्योच."

ऊन चढलं. पट्ट्याखालची पहिली पाटी आली. कुंदाताईंनी एक बाजू धरली, मी दुसरी. माती खाली गेली, चाळणीत खडे, खापऱ्यांचे तुकडे, मुळं राहिली. आम्ही गोणपाटावर ओतून निवडायला बसलो, तांदूळ निवडतात तसं. उंदराचा दात निघाला. मग आणखी दात. माशाचा मणका, बाजरीच्या दाण्याएवढा. मला हसू आवरेना. तेवढ्यात जीप आली.

सर उतरले. डोक्यावर उत्खननातली गवती टोपी होती. टेकाडावर ते नेहमीच्या वाटेने चढले, काठाशी थांबले आणि म्हणाले, "उपासनी, चाळण खाली ठेव."

माझ्या हातात दुसरी पाटी होती. ज्या माणसाने मला बोलता येत नाही म्हणून घरी पाठवलं नाही, उलट बोलावून घेतलं, तो माणूस मला आज्ञा करत होता. मी त्यांची आज्ञा कधीच मोडली नव्हती. 

"नाही, सर," मी म्हणालो.

"ही संस्थेची जागा आहे."

"संस्थेची कवापासनं?" तुळसाबाईंनी टोपलं खाली ठेवलं. "तुमचं साल सरलं, साहेब. माती माजी हाय. मी चाळीन न्हाईतर हवंत उडवीन."

 रागावून निघून जातील असं मला वाटलं. पण ते काठावरच्या दगडावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बघत राहिले. मी दात त्यांच्यापुढे धरले.

"उंदीर वरून बीळ करून खाली येतात," ते शांतपणे म्हणाले. "हे काल शिकायला आलेल्यालाही ठाऊक असतं. तुझे उंदीर परवाचेही असतील."

ते बरोबर होतं. मी चाळत राहिलो. पाट्या येत होत्या. बराच वेळ काहीच निघालं नाही. कोळसे, शिंपले, पुन्हा उंदीर. कुंदाताईंचे हात दुखायला लागले, तुळसाबाईंच्या थोरल्या सुनेने त्यांची बाजू धरली. मी मनात म्हणायला लागलो होतो की सरांचंच खरं आहे, हा माझा स्वभाव आहे, दुसरं काही नाही. नोकरी गेली, ती उंदरांपायी गेली असं आईला कसं सांगायचं.

मग गोणपाटावर एक लांबट, मातकट तुकडा पडला. मी तो थुंकीने पुसला. टाचेचं हाड. मग त्याच ढिगात पंजाची बारीक हाडं, काडीसारखी. पुढच्या पाटीत दुसऱ्या सशाची टाच, जळून काळी पडलेली. चुलीतून निघालेली असावी तशी. त्याच्या पुढच्या पाटीत आणखी.

मी उठून सरांकडे गेलो. काळं हाड तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"हा बीळ करतो का, सर?"

त्यांनी हाड उचललं. दोन बोटांत धरलं आणि उजेडाकडे केलं. ते किती वेळ तसे बसले होते कुणास ठाऊक. तुळसाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

"चार पाट्यांनी सिद्धांत पडत नाही, उपासनी," शेवटी ते म्हणाले.

"मग आणखी चाळू."

"आणि व्याख्यान?"

"मी पान देईन, सर. पानावर एक ओळ घालीन. वरची माती चाळली होती, खालची चाळली नव्हती."

"ती ओळ घातली की पानात काय उरतं?"

 त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, हाड माझ्या तळहातावर परत ठेवलं. "मग पान नको," ते म्हणाले आणि उतरून गेले. आम्ही गाड्या सुटेपर्यंत चाळत राहिलो. जाताना तुळसाबाई म्हणाल्या की उद्या रिकामे असलात तर या, धाकट्याचं रान अजून बाकी आहे.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो, म्हणजे सुटता यावं. सर सुरेख बोलत होते. ते बोलताना ओसाड झालेलं गाव डोळ्यांपुढे उभं राहत होतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. त्यांच्या गावाकडे पाण्याचे टँकर जात असतील. मग पडद्यावर तक्ता आला. वर ससे, खाली ससे नाहीत. तो कुणीतरी दुसऱ्याने काढला होता, आकडे माझे होते. त्यावर माझं नाव नव्हतं.

आठवडाभर मी एक निवेदन पाठ केलं होतं. भिंत, थर, चाळण, टाचेची हाडं, सगळं क्रमाने. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही शंका? तेव्हा मी उभा राहिलो आणि त्यातला एक शब्द मला आठवेना. माना मागे वळल्या. आमच्या खोलीतला कुणीतरी "ससोबा" म्हणून कुजबुजला. कुंदाताई पुढे बसल्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी बसलो असतो.

"सर," मी म्हणालो, "खालच्या थरात उंदीर किती सापडले?"

हशा पिकला. अध्यक्षही हसले. सर हसले नाहीत. एका कोटीत मला खाली बसवणं त्यांना सहज जमलं असतं. मी त्यांना मोठमोठ्या माणसांना तसं बसवताना पाहिलं होतं.

"एकही नाही," ते म्हणाले.

"गावात नव्हते म्हणून, की आपण माती चाळली नाही म्हणून?"

हशा थांबला होता. लोकांना प्रश्न कळला नव्हता, पण सरांचा चेहरा त्यांना दिसत होता. सरांनी चष्मा काढला. पडद्यावरच्या तक्त्याकडे एकदा पाहिलं.

"चाळली नाही म्हणून," ते म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, म्हणजे मग सशांचं काय?

"सशांबद्दल," सर म्हणाले, "मला आज काही सांगता येणार नाही."

नंतर त्यांनी दिवे लावायला सांगितले. उरलेलं व्याख्यान त्यांनी घरांबद्दल आणि खापऱ्यांबद्दल केलं आणि ते वेळेच्या आधी संपलं. मी सुटून जाण्यासाठी दाराजवळ बसलो होतो, पण जागेवरून हललो नाही. लोक बाहेर पडले. सर शेवटी आले, त्यांच्या काखेत गुंडाळलेला पडदा होता. माझ्याजवळ थांबले.

"हे तुला मला खोलीत विचारता आलं नसतं?"

"खोलीतच विचारलं होतं, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तो दिवस आठवत होता की नाही, मला सांगता येणार नाही. मग पडदा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेऊन ते पायऱ्या उतरले. आमचं हे शेवटचं बोलणं.

जूनमध्ये माझी मुदत संपली ती कुणी वाढवली नाही. कुणी वाईटही बोललं नाही. मी तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. तिथे मला फारसं बोलावं लागलं नाही. आईला वाटलं, बरं झालं, पोरगा धुळीतून सुटला. गव्हाची चाळण कुंदाताईंच्या आईने परत घेतली नाही. त्यात हाडं पडली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. चाळण अजून माझ्याकडेच आहे.

इतक्या वर्षांत मी या गोष्टीवर माझ्या सवयीप्रमाणे सगळ्या बाजूंनी शंका घेतल्या आहेत. चार पाट्यांनी सिद्धांत पडत नाही, हे सर बरोबरच म्हणाले होते. कदाचित दुष्काळ पडलाही असेल. कदाचित वरच्या थरात ससे खरोखरच जास्त असतील. ते आता कुणाला कळायचं नाही, ती भिंत केव्हाच तुळसाबाईंच्या रानात पिकून निघाली. पण चाळण खाली ठेवायला हवी होती का, या प्रश्नाला मी पुन्हा पुन्हा जाऊन कुलूप ओढून पाहिलं आहे. ते लागलेलं आहे.

कुंदाताई संस्थेत शेवटपर्यंत होत्या. त्यांनी मला सांगितलं की सरांनी त्यानंतर जिथे जिथे उत्खनन केलं तिथे तळापर्यंत माती चाळली. ट्रकमधून आधी चाळण्या उतरायच्या, मग तंबू. पैसे संपले तर खड्डा अर्धवट सोडायचे, पण चाळल्याशिवाय पाटी टाकू द्यायचे नाहीत. म्हातारपणी ते स्वतः चाळणीशी खुर्ची टाकून बसायचे. नव्या लोकांना धामणखेड्याची गोष्ट सांगायचे, खालच्या थरात उंदीर का नव्हते ती. प्रश्न कुणी विचारला होता ते मात्र सांगायचे नाहीत. म्हणायचे, "एकदा कुणीतरी विचारलं."

कुंदाताईंना वाटलं, हे ऐकून मला समाधान होईल. त्या म्हणाल्या, "बघ, तुझं काम झालं की रे. आणखी काय पाहिजे?"

मी तेव्हा नेहमीसारखा नुसता हसलो. आज लिहून ठेवतो. आणखी पाहिजे होतं. तो प्रश्न श्रीनिवास उपासनीने विचारला होता, आणि सरांनी तसं म्हणायला हवं होतं.